मावशी, फिटच्या गोळ्या लग्नाआधी बंद करू का?

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून. लिहिणारी २६ वर्षांची, कोथरूडला राहते, हिंजवडीत नोकरी. दहावीपासून सकाळी उठल्या उठल्या हातांना झटके यायचे, ब्रश उडायचा, कंगवा उडायचा, घरचे म्हणायचे वेंधळी आहे. बारावीला रात्रभर जागून अभ्यास केला आणि सकाळी मोठी फिट आली, तेव्हा कुठे न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटची क्रोनो ५००, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी, सकाळी एक रात्री एक. शेवटची फिट चार वर्षांपूर्वी, राजगडला ट्रेकला गेली आणि गोळ्या घरी राहिल्या तेव्हा. आता लग्न ठरतंय, मुलगा चिंचवडचा, तिला आवडलाय, साखरपुडा दीड महिन्यावर. आई म्हणते चार वर्षं काही नाही म्हणजे बरी झालीस, गोळ्या बंद कर आणि तिकडे एक अक्षर बोलू नकोस. आत्या म्हणते या गोळ्यांनी मूल व्यंगाचं होतं, तिच्या ओळखीत एक जण पुड्या देतो. मुलीने दहा दिवसांपासून रात्रीची गोळी स्वतःच बंद केलीये. परवा सकाळी चहाचा कप हातातून उडाला. विचारतेय, उरलेली गोळी किती दिवसांत बंद केली तर लग्नापर्यंत सगळं शरीरातून जाईल, आणि मुलाला सांगायलाच हवं का.

अगं, आधी त्या कपाबद्दल बोलू. तू तो एका वाक्यात लिहिलास आणि पुढे आत्याकडे वळलीस, पण तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो कप आहे. दहावीत ब्रश उडायचा, आता कप उडाला, वेळ तीच सकाळची. ही सूचना आहे. डोस निम्मा केला की रक्तातली औषधाची पातळी दोन-चार दिवसांत खाली येते, आणि तुझा मेंदू तुला तेच सांगतोय. त्यामुळे हे वाचून झालं की तुझ्या डॉक्टरांना फोन कर, दहा दिवस रात्रीची गोळी घेतली नाही आणि झटके परत आलेत असं सरळ सांग, लाजू नको, त्यांनी हे शंभर वेळा ऐकलंय. पूर्ण डोस परत कसा आणि कधी सुरू करायचा ते तेच सांगतील. आणि तोवर गॅसपाशी उभी राहून उकळतं काही उतरवू नको, बाथरूमला आतून कडी लावू नको, गाडी चालवू नको.

मी डॉक्टर नाही हे या सदरात दर वेळी सांगते, आजही सांगते. सदाशिव पेठेत मेडिकलच्या काउंटरमागे २८ वर्षं काढली, त्यामुळे गोळ्या माहितीयेत आणि त्या घेणारी माणसंही माहितीयेत, त्यापलीकडचा अधिकार माझा नाही.

आता आईचं म्हणणं. चार वर्षं फिट नाही म्हणजे बरी झाली. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? पण तूच लिहिलंयस की चार वर्षांपूर्वी गोळ्या घरी राहिल्या आणि राजगडावर फिट आली. म्हणजे गोळी नसताना काय होतं याची परीक्षा एकदा होऊन गेलीये आणि निकालही लागलाय. फिटचं औषध हे अँटिबायोटिकसारखं नाही की पाच दिवसांचा कोर्स केला, जंतू मेले, विषय संपला. मेंदूतल्या पेशी एरवी लक्ष्मी रोडवरच्या गर्दीसारख्या असतात, ज्याची त्याची बडबड वेगळी. फिट म्हणजे त्या सगळ्या एकाच वेळी एकाच ठेक्यावर वाजायला लागतात, पथकातले दोनशे ढोल एकदम पडावेत तसं. औषधं हा ठेका धरू देत नाहीत. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रेटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, ही पेशीच्या भिंतीतली सोडियमची दारं अशी धरून ठेवतात की पेशीला एकामागून एक भराभर टोले देता येत नाहीत. गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन आणि फ्रिझियम म्हणजे क्लोबाझाम, ही मेंदूचा स्वतःचा ब्रेक जास्त दाबतात. लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासेटाम, त्याचा रस्ता आणखीनच वेगळा. तुझं व्हॅल्प्रोएट दोन-तीन गोष्टी एकदम करतं आणि त्याचं पूर्ण कोडं शास्त्रज्ञांनाही सुटलेलं नाही. सापडलंही योगायोगानेच बरं का, १९६२-६३ च्या सुमारास फ्रान्समध्ये दुसरीच औषधं विरघळवायला म्हणून ते वापरत होते, जे त्यात घालावं ते फिटवर लागू पडायला लागलं, मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की औषध ते नाहीच, ज्यात घोळलंय तेच औषध आहे! असो. सांगायचं हे की यातली एकही गोळी आजार मुळापासून काढत नाही, रोज घेतली तर रोजच्यापुरतं धरून ठेवते.

मग जन्मभर घ्यायची का? तसंही नाही, आणि इथे तुझ्यासारख्या बाकीच्या वाचकांनीही लक्ष द्या. फिट हा एकच आजार नाही. लहान मुलांमधले काही प्रकार वय वाढलं की आपोआप जातात. आपल्याकडे डोक्यात टेपवर्मच्या अंड्यांची गाठ होऊन फिट येतात, ती गाठ विरघळली की बऱ्याच जणांचं औषध पुढे बंदही होतं. साधारण दोन वर्षं किंवा जास्त एकही फिट नसेल तर डॉक्टर ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, एमआरआय, फिटचा प्रकार असं सगळं बघून औषध कमी करायचा विचार करतात, तेही कित्येक महिने लावून. पण तू जे लिहिलंयस, किशोरवयात सुरुवात, सकाळचे झटके, जागरणानंतर मोठी फिट, ते ज्या प्रकाराशी जुळतं त्याला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. हे निदान मी करत नाहीये, तुझ्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते तू बघ. तेच असेल तर या प्रकारात दोन गोष्टी असतात, औषधाने फिट छान ताब्यात राहतात आणि औषध बंद केलं की बहुतेकांना परत येतात. शिवाय टेग्रेटॉल, एप्टॉइनसारखी औषधं यात झटके उलट वाढवू शकतात, म्हणून मामेबहिणीला लागू पडली म्हणून मलाही, हे इथे चालत नाही. नऊ वर्षं गोळ्या घेणाऱ्या आणि स्वतःच्या आजाराचं नाव न विचारलेल्या किती जणी मी काउंटरवर पाहिल्यात सांगू? नाव विचार. ते नाव कळल्याशिवाय बंद करायचं की नाही या प्रश्नाला उत्तरच नाही.

आत्याकडे येऊ. तुला वाटेल मावशी आता आत्याला झोडणार. पण आत्या अर्धी बरोबर आहे. व्हॅल्प्रोएट हे गरोदरपणात या सगळ्या औषधांतलं सगळ्यात त्रासदायक औषध आहे. गरोदरपणात ते चालू असेल तर साधारण १० पैकी एका बाळाला जन्मतः व्यंग असू शकतं, एरवी हे प्रमाण १०० पैकी २-३ असतं. पाठीचा कणा नीट न जुळणं, टाळू दुभंगणं, हृदयाचे दोष असे प्रकार. आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, शिकणं, वागणं यात अडचणी येतात. डोस जास्त तसा धोका जास्त. ब्रिटनमध्ये तर २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना हे औषध द्यायचं तर गर्भनिरोधनाची रीतसर सोय असल्याशिवाय देत नाहीत. हे तुला आत्याकडून कळावं आणि नऊ वर्षांत कुणी नीट बसवून सांगू नये याचा मला राग येतो, पण तो आत्ता बाजूला ठेवते.

आत्या चुकते ती पुढच्या पायरीवर. एक औषध बाळाला वाईट म्हणून सगळीच औषधं वाईट, असं नाही. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम या दोन औषधांवर असलेल्या बायकांना होणाऱ्या बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण बाकीच्या बायकांच्या बाळांच्या जवळपास दिसतं, आणि फिट असलेल्या बहुतेक बायकांना धडधाकट मुलं होतात. उलट गरोदर असताना मोठी फिट आली, पोटावर पडलीस, ऑक्सिजन कमी पडला, तर ते बाळालाही घातकच. तेव्हा किती दिवसांत बंद होईल हा प्रश्न सोड. तुझा खरा प्रश्न आहे की कुठल्या औषधावर जायचं आणि कधी, आणि तो डॉक्टरांना विचार, याच शब्दांत.

कधीचं उत्तर मात्र माझ्याकडे थोडंफार आहे, कारण ते गणित आहे. बाळाचा मज्जारज्जू गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटतो, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कितीतरी जणींना कळलेलंही नसतं. म्हणजे दिवस राहिले की बदलू, हे चालतच नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो. आणि बदल एका रात्रीत होत नाही. लॅमोट्रिजिन अगदी कणाकणाने वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर पुरळ येतं आणि क्वचित ते जिवावर बेततं, त्यात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी वाढवतं म्हणून आणखी हळू जावं लागतं. शिवाय काही जणींचे सकाळचे झटके त्याने वाढतात. लेव्हेटिरासेटाम लवकर चढवता येतं पण काहींची चिडचिड प्रचंड वाढते, आमच्याकडे एक नवरा बायकोची गोळी घ्यायला यायचा आणि दबक्या आवाजात विचारायचा की ही राग येण्याची गोळी आहे का. हे सगळं जमवायला, मग त्यावर काही महिने फिटशिवाय गेले की नाही ते बघायला, वेळ लागतो. दीड महिन्यात, तोही खरेदी-केळवणांच्या धांदलीत, हे उरकायला जाऊ नकोस. लग्न पुढे ढकल असं मी म्हणत नाहीये, बाळ पुढे ढकल. वर्षभर तरी. तोवर गर्भनिरोधक काय घ्यायचं तेही विचारूनच, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी खाली आणतात, आणि टेग्रेटॉल, एप्टॉइन, गार्डिनल गर्भनिरोधक गोळ्यांचाच असर कमी करतात, म्हणून गायनॅक आणि न्यूरो दोघांनाही दोन्हीकडच्या चिठ्ठ्या दाखवायच्या. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करतात, डोस डॉक्टर ठरवतील, बाजारातली साधी गोळी पुरेशी असेलच असं नाही. आणि कुणा वाचिकेची पाळी आत्ताच चुकलेली असेल आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर घाबरून गोळी टाकून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पुड्यांबद्दल दोनच वाक्यं. मिरगीच्या म्हणून विकलेल्या, वर काही न लिहिलेल्या पुड्या तपासल्या तेव्हा त्यात फिनोबार्बिटोन सापडल्याची प्रकरणं झालीयेत, म्हणजे आपलं ते गार्डिनलच, १९१२ पासून वापरात असलेलं, फक्त किती घातलंय ते कुणालाच माहीत नाही. आत्याला दुखवू नको, पुडी घे आणि कचऱ्यात टाक.

आता दुसरा प्रश्न, सांगायचं का.

तुला एका मुलीची गोष्ट सांगते. माझ्याकडे महिन्याला गोळ्या न्यायची, हीच तुझी गोळी. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, काकू, सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून या बाटलीत भरून द्या ना. कॅल्शियमची रिकामी बाटली घेऊन आली होती. मी म्हटलं अगं ही गोळी हवा लागली की ओल धरते, स्ट्रिपमध्येच ठेवायची. ती म्हणाली घरी स्ट्रिप दिसली तर नाव वाचतील, आता तर सगळे गूगल करतात. मी नाही दिल्या काढून, तिने घरी जाऊन स्वतः काढल्या. जुलै महिना होता. पंधरा दिवसांनी बाटली घेऊन परत आली, आत सगळ्या गोळ्या चिकटून पांढरा गोळा झालेला, सुरीच्या टोकाने एकेक सोडवून घेत होती म्हणे, कधी अर्धी हाताला लागायची कधी पाऊण, आणि क्रोनो गोळी तर कुटायची-चावायचीही नसते. त्या आठवड्यात तिला सासरच्या स्वयंपाकघरात फिट आली आणि घरात कुणालाही काय करायचं ते माहीत नव्हतं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल, सासऱ्यांनी दातखीळ सोडवायला चमचा घातला, पुढचा दात तुटला. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी न सांगण्याला नीती-अनीतीच्या आधी घरातली सोय म्हणून बघते. रोज सकाळ-रात्र दोन वेळा, एका खोलीत राहणाऱ्या माणसापासून लपवून, हनिमूनला, गणपतीत गावी, बाळंतपणात, तू किती वर्षं घेणार आहेस? लपवलेली गोळी ही चुकलेली गोळी असते, आणि फिट परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण चुकलेली गोळीच असतं.

कायद्याचं म्हणशील तर लोक अजून जुनंच ऐकलेलं धरून बसलेत. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीत एपिलेप्सी हा शब्द लग्नाच्या अटींमध्ये आला होता, १९९९ मध्ये तो काढून टाकला. फिट येतात म्हणून लग्न बेकायदेशीर असं आता काही नाही. पण लपवून लग्न केलं, फसवणूक झाली, हा मुद्दा लोक कोर्टात वेगळा काढतात, आणि तेव्हा तुझ्या आईचं 'एक अक्षर बोलू नकोस' तुझ्याच गळ्यात येतं.

कधी सांगायचं? पहिल्या कांदेपोह्यांना नाही, ती वेळ गेलीच तुझी. साखरपुड्याच्या आदल्या दिवशीही नाही. याच पंधरवड्यात, तू स्वतः, त्याला एकट्याला, मध्यस्थाकडून अजिबात नाही, कारण मध्यस्थ 'जरा चक्कर येते कधीकधी' असं सांगून येतो आणि मग तेच खोटं तुला जन्मभर सांभाळावं लागतं. रडत नको, माफी मागत तर अजिबात नको. असं काहीतरी म्हण, मला एपिलेप्सी आहे, गोळी रोज घेते, गोळी घेत असताना चार वर्षं फिट आलेली नाही, मूल हवं असेल तर औषध बदलून ठरवून करावं लागेल, तुला काही विचारायचं असेल तर माझ्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ. एवढंच. मग त्याला दोन दिवस दे. तो गप्प झाला म्हणजे नाही म्हणाला असं नसतं, घरी जाऊन मोबाइलवर वाचत बसेल बिचारा. विचारेल, मुलांना येईल का? बाकीच्यांपेक्षा शक्यता थोडी जास्त असते, पण बहुतेकांना येत नाही. आणि नाहीच म्हणाला तर? दुखेल गं, खूप दुखेल, त्यावर माझ्याकडे फुंकर नाही. पण ते दुखणं साखरपुड्याआधीचं असेल.

एक गोष्ट मला इथे बोलायचीच आहे. मुलांच्या घरी हेच चालतं, आणि जास्त बिनधास्त. 'लग्न झालं की होईल बरा' म्हणून किती आयांनी माझ्याकडून गोळ्या नेल्यात आणि सुनेला महिनोन्महिने पत्ता नाही. तेव्हा तूही त्याला विचार, तुला काही आहे का, रोजची गोळी कसली, बीपी, शुगर, काहीही. तूच तेवढी परीक्षेला बसलीयेस असं नाही.

हो म्हणाला तर त्याला पहिलं हे शिकव. फिट आली की घड्याळ बघायचं. आजूबाजूचं टोकदार, गरम काय असेल ते लांब सारायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल-किल्ल्या काही नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटं झाली किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली तर १०८ ला फोन, थांबायचं नाही. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे मिळतो, तो घरात ठेवायचा का हे डॉक्टरांना विचार, चिठ्ठीवरच मिळतो.

लग्नाच्या दिवसांचं वेगळं सांगते कारण तुला जागरण बाधतं हे बारावीत कळलेलंच आहे. हळद रात्री बारापर्यंत, मेंदी, संगीत, पहाटे पार्लरवाली, आणि उपाशी पोटी मुहूर्त, हा सगळा बेत जणू फिट यावी म्हणूनच आखलेला असतो. संगीत आदल्या रात्री ठेवू नका, दोन दिवस आधी घ्या. मुहूर्त दुपारचा किंवा संध्याकाळचा बघा, भटजी देतात काढून, त्यांना सवय असते. रात्रीची गोळी करवलीच्या पर्समध्ये नको, ती नेमकी डीजेपाशी असते, तुझ्याच ब्लाउजच्या खिशात किंवा बटव्यात, स्ट्रिपचा तुकडा कापून, आणि एक तुकडा आईकडे. अंगदुखी झाली म्हणून कुणी ट्रामाडॉल असलेली गोळी दिली तर घेऊ नको, त्याने फिट येऊ शकते. जुलाब लागले म्हणून सिप्रोफ्लॉक्ससिन घेऊ नको, त्यालाही तोच धोका. मेडिकलवाल्याला आधी सांगायचं की माझी फिटची गोळी चालू आहे. आणि दर महिन्याला कंपनी बदलायची नाही, स्वस्तातली जेनेरिक वाईट नसते पण एक धरली की तीच धर.

स्कूटरबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे चालवत असणार, पुण्यात कोण चालवत नाही. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट येतात का असा सरळ प्रश्न असतो आणि बहुतेक जण तिथे 'नाही' वर टिक करतात. झटके परत सुरू झालेत आणि औषध बदलायचंय, त्या काळात तरी किल्ली आईकडे दे. ऑफिसची बस आहे, वनाझहून मेट्रो आहे.

आईवर चिडू नको. तिने तुझी बारावीतली फिट डोळ्यांनी पाहिलीये, तू पाहिलेली नाहीस, तू तर बेशुद्ध होतीस. ती जे लपवतेय ते लोकांपासून कमी आणि स्वतःपासून जास्त, असं मला वाटतं. पुण्यात न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळायला आठ-दहा दिवस सहज जातात, म्हणून फोन करशील तेव्हाच झटक्यांचं सांगून लवकरची वेळ माग. जाताना जुनी फाइल, दोन्ही वेळच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि आईला घेऊन जा, आणि तिला बाहेर बाकावर बसवू नकोस, आत ने.